लेहिया ग्दान्स्क: विजेतेपदांच्या यादीत न दिसणारी वर्षे

एखाद्या क्रीडा क्लबचा इतिहास वाचायला घेतला की नजर आधी विजेतेपदांच्या यादीवर जाते. पोलंडमधील ‘लेहिया ग्दान्स्क’ या क्लबच्या रग्बी संघाची यादी तर नजर खिळवून ठेवणारी आहे: १९६०, १९६१, १९७०, १९९३, १९९५, १९९६, १९९७, १९९८, २००१, २००२, २०१२, २०१३ आणि २०१४. अशी तेरा राष्ट्रीय विजेतेपदे या संघाच्या नावावर आहेत. ही यादी मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला तिच्यातील आकड्यांपेक्षा आकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेचेच अधिक कुतूहल वाटते. १९७० नंतर थेट १९९३ येते. या तेवीस वर्षांत एखादा मुलगा जन्माला येऊन, रग्बी शिकून, वरिष्ठ संघापर्यंत पोहोचूही शकला असता. आणि १९७० नंतर संघात आलेले कितीतरी खेळाडू लेहियाच्या जर्सीत राष्ट्रीय विजेतेपद न पाहताच निवृत्त झाले असतील. तरीही संघ बंद पडला नाही. माझ्या मते या क्लबचा गाभा त्या तेवीस वर्षांत आहे, आणि तो समजून घ्यायचा तर सुरुवात रग्बीपासून न करता शहरापासून करावी लागते.

१९४५ साली ग्दान्स्क हे जवळजवळ नव्याने वसवायचे शहर होते. युद्धात जुन्या शहराच्या मध्यभागाचा बहुतांश भाग जमीनदोस्त झाला होता. डान्झिग या नावाने तिथे राहणारी जर्मन वस्ती पळून गेली किंवा हाकलली गेली, आणि तिच्या जागी पोलंडच्या इतर भागांतून, तसेच सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेलेल्या पूर्वेकडील प्रदेशांतून विस्थापित झालेली माणसे येऊन राहिली. बंदरे उद्ध्वस्त झाली होती आणि ती पुन्हा उभी करण्यासाठी एक स्वतंत्र सरकारी कार्यालय नेमले होते. त्या बंदर पुनर्बांधणी कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी १९४५च्या ऑगस्टमध्ये एक क्रीडा क्लब काढला. त्याचे पहिले नाव ‘बाल्तिया’ होते. थोड्याच काळात ते बदलून ‘लेहिया’ करण्यात आले. हे नाव ल्वूफ शहरातील १९०३ साली स्थापन झालेल्या जुन्या लेहिया क्लबची आठवण जागवणारे होते. ल्वूफ आता पोलंडमध्ये राहिले नव्हते आणि तिथला क्लबही युद्धात संपला होता. ज्यांचे गाव सुटले होते त्यांनी क्लबच्या नावाच्या रूपाने गावाचा एक तुकडा बाल्टिक समुद्राच्या काठी आणून ठेवला. पांढरा आणि हिरवा हे क्लबचे रंग ठरले आणि आजही ते तसेच आहेत.

या क्लबला पुढे ‘बांधकाम कामगारांचा क्लब’ अशी ओळख मिळाली आणि त्यामागे त्या काळची राज्यव्यवस्था होती. चाळीसच्या दशकाच्या शेवटी पोलंडमधील क्रीडाक्षेत्राची सोव्हिएत धर्तीवर फेररचना झाली आणि क्लब वेगवेगळ्या कामगार संघटनांना व सरकारी खात्यांना जोडले गेले. बांधकाम कामगारांच्या संघटनेचे क्लब ‘बुदोव्लानी’, रेल्वेचे ‘कोलेयाश’, खाणकामगारांचे ‘गुर्निक’, पोलाद व यंत्रोद्योगाचे ‘स्ताल’, नगरपालिका व सरकारी कर्मचाऱ्यांचे ‘ओग्निव्हो’, आणि विद्यार्थ्यांचे ‘आझेडएस’. पोलिश रग्बीचा तक्ता आज पाहिला तरी ही जुनी नावे जागोजागी भेटतात. वूच शहरातील बुदोव्लानी आणि सोपोतचे ओग्निव्हो ही त्यांतली ठळक उदाहरणे. पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात लेहियालाही काही वर्षे आपले नाव बाजूला ठेवून ‘बुदोव्लानी ग्दान्स्क’ म्हणून खेळावे लागले. १९५६च्या आसपास राजकीय वातावरण सैल झाले, क्लबांना जुनी नावे परत मिळू लागली, आणि नेमक्या त्याच काळात लेहियात रग्बी आली.

पोलंडला रग्बी अगदीच अपरिचित होती असे नाही. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला लुई आंब्लार नावाच्या फ्रेंच माणसाने वॉर्सामध्ये हा खेळ आणला होता आणि ‘पांढरा गरुड’ या अर्थाच्या नावाचा पहिला क्लब स्थापन केला होता. परंतु तो अंकुर रुजला नाही. फुटबॉलने देश व्यापलेला होता, रग्बीला शाळांमध्ये स्थान नव्हते, आणि काही वर्षांतच त्या प्रयत्नाचा मागमूस उरला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरची सुरुवात त्यामुळे जवळजवळ कोऱ्या पाटीवरची होती. १९५५ ते १९५७ या काळात वॉर्सातील शारीरिक शिक्षण अकादमीचे विद्यार्थी, पोझनानमधील पोझनानिया, बिटोममधील चार्नी, वूचमधील बुदोव्लानी आणि ग्दान्स्कमधील लेहिया असे संघ एकामागून एक उभे राहिले. लेहियाचा रग्बी विभाग १९५६ साली स्थापन झाला आणि १९५७ साली पोलिश रग्बी संघटना अस्तित्वात आली. क्लब आधी आणि राष्ट्रीय संघटना नंतर, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. सगळे काही वरून ठरवले जाण्याच्या त्या काळात हा खेळ मात्र खालून वर आला होता.

सुरुवातीचे खेळाडू रग्बी शिकून आलेले नव्हते, कारण रग्बी शिकवणारेच कोणी नव्हते. ते दुसऱ्या खेळांतून आले होते. कुस्ती किंवा थाळीफेक करणारा धिप्पाड गडी पहिल्या ओळीत उभा राहायचा, शंभर मीटर धावणारा विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, जायचा, आणि नियम खेळता खेळता समजत जायचे. अशा संघासाठी स्क्रम हीच सर्वांत कठीण परीक्षा असते. दोन्ही बाजूंचे आठ-आठ फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले दणकट खेळाडू, तीन ओळींत एकमेकांना घट्ट धरून वाकतात आणि समोरच्या आठांवर भार टाकतात. मधल्या बोगद्यात चेंडू सोडला जातो, आणि पहिल्या ओळीच्या मध्यभागी असलेला हुकर, दोन्ही हात सहकाऱ्यांच्या खांद्यांवर अडकलेले असताना, पायाने तो मागे ओढतो. पाठीचा कणा सरळ नसेल, मान चुकीच्या कोनात असेल किंवा आठांपैकी दोघांनी जोर उशिरा लावला, तर सगळी रचना कोसळते आणि खाली असलेल्याला गंभीर इजा होऊ शकते. हे पुस्तक वाचून येत नाही. ते जुन्या खेळाडूने नव्याला खांद्याला खांदा लावून शिकवावे लागते, आणि म्हणूनच रग्बीत ‘क्लब’ ही गोष्ट नुसत्या संघापेक्षा मोठी असते.

नव्या खेळाने किती वेगाने मूळ धरले याचा एक पुरावा १९५८ सालचा आहे. त्या वर्षी पोलंडचा राष्ट्रीय संघ वूचमध्ये पूर्व जर्मनीविरुद्ध आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि ९-८ असा जिंकला. या गुणसंख्येकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. त्या काळी ट्रायला, म्हणजे समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला, तीन गुण मिळत, ट्रायनंतरच्या यशस्वी किकला (कन्व्हर्जन) दोन, आणि पेनल्टी किंवा ड्रॉप गोललाही तीनच. (ट्रायचे गुण १९७१ साली चार आणि १९९२ साली पाच झाले.) तेव्हाच्या हिशेबाने आठ गुण एकाच प्रकारे होऊ शकतात: एक ट्राय, तिचे कन्व्हर्जन, आणि आणखी एक तीन गुणांची कमाई. नऊ गुणही एकाच प्रकारे होतात: तीन वेळा तीन. म्हणजे सामन्याचे वर्णन हाती नसतानाही एवढे निश्चित सांगता येते, की जर्मनांनी दोनदा गुण मिळवले आणि त्यांची एक ट्राय कन्व्हर्टही झाली; पोलंडला एकही कन्व्हर्जन साधले नाही, पण त्यांनी तीनदा गुण मिळवले आणि तेवढ्यावर सामना जिंकला. जेमतेम दोन-तीन वर्षांचे वय असलेल्या रग्बीसाठी ही मोठी गोष्ट होती.

दोनच वर्षांनी, १९६० साली, लेहियाने पहिले राष्ट्रीय विजेतेपद पटकावले आणि १९६१ साली ते राखले. स्थापनेपासून चार-पाच वर्षांत देशातील सर्वोत्तम संघ होणे हे आजच्या मोजमापाने थक्क करणारे वाटते. पण तेव्हा सर्वच संघ नवखे होते, हेही लक्षात घ्यायला हवे. जिथे सगळेच शिकाऊ असतात, तिथे ज्याच्याकडे धट्टीकट्टी माणसे जास्त आणि सरावाची शिस्त बरी, त्याची सरशी होते. ग्दान्स्क हे बंदराचे, गोद्यांचे आणि बांधकामाचे शहर असल्यामुळे अंगमेहनतीची सवय असलेल्या तरुणांची तिथे कमतरता नव्हती. पुढची आठ वर्षे मात्र विजेतेपद आले नाही. वॉर्सातील आझेडएससारख्या विद्यार्थ्यांच्या क्लबाला शारीरिक शिक्षण अकादमीतून दरवर्षी ताजे, प्रशिक्षित खेळाडू मिळत होते, आणि त्या पुरवठ्याशी बरोबरी करणे सोपे नव्हते.

तिसरे विजेतेपद १९७० सालचे. ते वर्ष ग्दान्स्क कधीही विसरणार नाही, पण त्याचे कारण रग्बी नाही. त्या वर्षीच्या १२ डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर, सरकारने खाद्यपदार्थांच्या किमती वाढवल्या. १४ तारखेला ग्दान्स्कच्या लेनिन गोदीतील कामगार रस्त्यावर उतरले, १६ तारखेला गोदीच्या दारात गोळीबार झाला, आणि १७ तारखेला शेजारच्या ग्दिनियात सकाळी कामावर निघालेल्या कामगारांवर गोळ्या झाडण्यात आल्या. बाल्टिक किनाऱ्यावरील शहरांत मिळून ४५ माणसे मारली गेली. क्लबच्या यादीत ‘१९७०’ हा एक आनंदाचा आकडा आहे आणि शहराच्या स्मृतीत तोच आकडा शोकाचा आहे. क्लबच्या इतिहासात या दोन्हींचा उल्लेख सहसा एकत्र येत नाही, पण खेळाडू आणि प्रेक्षक त्याच शहरात राहत होते, त्याच गोद्यांत आणि बांधकामांवर कामाला जाणाऱ्या घरांतले होते. मला हे दोन आकडे वेगळे वाचता येत नाहीत.

त्यानंतरची तेवीस वर्षे सुरू होतात. या काळात पोलिश रग्बीला बाहेरच्या जगाशी जोडणारा मुख्य धागा फ्रान्सचा होता. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचा वरचष्मा असलेले आंतरराष्ट्रीय मंडळ युरोपातील इतर देशांकडे फारसे लक्ष देत नव्हते. त्यामुळे फ्रान्सच्या पुढाकाराने १९३४ साली स्थापन झालेली ‘फिरा’ ही संघटनाच या देशांचे व्यासपीठ होती. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत पोलंडचा संघ फिराच्या वरच्या गटात फ्रान्स, रोमेनिया, इटली आणि सोव्हिएत संघ यांच्याविरुद्ध खेळत होता. पोलादी पडद्याच्या या बाजूच्या तरुणाला फ्रान्समधील एखाद्या गावच्या मैदानावर खेळायला मिळणे ही त्या काळी सामान्य बाब नव्हती, आणि खेळाडूंना खेळात टिकवून ठेवणारे ते एक मोठे आकर्षण असणार. पैसा तर नव्हताच. जगभरच रग्बी युनियन हा १९९५च्या ऑगस्टपर्यंत नियमाने हौशी खेळ होता. पोलंडमध्ये तो नियमाने हौशी होता आणि परिस्थितीनेही.

क्लब टिकण्याचे दुसरे कारण त्याच्या रचनेत होते. लेहिया हा अनेक खेळांचा क्लब होता. फुटबॉल, अ‍ॅथलेटिक्स आणि इतर विभागांच्या बरोबरीने रग्बी हा त्यातला एक विभाग होता. मैदान, कपडे बदलण्याच्या खोल्या, प्रवासाची बस, प्रशिक्षकाचा पगार हे सगळे क्लबच्या आणि त्याला पोसणाऱ्या बांधकाम उद्योगाच्या आधाराने चालत होते. या व्यवस्थेत रग्बीच्या वाट्याला कधी फार काही आले नसेल, पण जे आले ते दरवर्षी आले. विजेतेपद नसले म्हणून विभाग बंद करण्याचा बाजारी हिशेब तेव्हा नव्हता. त्या राजवटीचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. तिने ग्दान्स्कच्या रस्त्यांवर काय केले ते वर लिहिलेच आहे. पण कुमार गटापासून वरिष्ठ संघापर्यंत खेळाडू घडवण्याची साखळी दोन दशकांहून अधिक काळ न तुटता चालली, हे या रचनेमुळे शक्य झाले असे मला वाटते. ज्या खेळात तंत्र एका पिढीकडून दुसरीकडे हाताने सोपवावे लागते, तिथे पाच वर्षांचा खंडही जीवघेणा ठरतो.

याच काळात लेहिया हे नाव क्रीडेच्या पलीकडेही गाजले. १९८०च्या ऑगस्टमधील गोदीतल्या संपातून ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना जन्मली, १३ डिसेंबर १९८१ रोजी मार्शल लॉ लागू झाला, आणि संघटनेवर बंदी आली. १९८३ साली तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या लेहियाच्या फुटबॉल संघाने पोलिश चषक जिंकला, आणि त्यामुळे २८ सप्टेंबर १९८३ रोजी इटलीचा युव्हेंटस संघ ग्दान्स्कमध्ये खेळायला आला. सॉलिडॅरिटीचे नेते लेक वालेसा त्या सामन्याला हजर होते आणि हजारो प्रेक्षकांनी बंदी असलेल्या संघटनेच्या नावाचा जयघोष केला. ही गोष्ट फुटबॉलची असली तरी एकाच क्लबच्या छताखाली, त्याच पांढऱ्या-हिरव्या रंगांत रग्बी खेळणाऱ्यांनाही तिचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते. त्या रंगांना शहरात जो अर्थ मिळाला, तो दोन्ही खेळांच्या वाट्याला आला.

आता शेजाऱ्यांकडे वळायला हवे, कारण शेजाऱ्यांशिवाय लेहियाची कथा पुरी होत नाही. ग्दान्स्क, सोपोत आणि ग्दिनिया ही तीन शहरे समुद्राकाठी एकमेकांना लागून आहेत आणि त्यांचा उल्लेख ‘त्रुयमियास्तो’, म्हणजे तीन शहरांचा समूह, असाच होतो. लेहियाचे रग्बीचे मैदान ग्रुनवाल्ड्स्का या लांबलचक हमरस्त्यावर आहे, आणि तोच रस्ता व्झेश्च व ओलिवा या उपनगरांतून पुढे सोपोतकडे जातो. सोपोतच्या ओग्निव्हो क्लबात साठच्या दशकात रग्बी सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात देशभर त्याच क्लबची सद्दी होती. लेहियासाठी हे दुखणे होते खरे, पण माझ्या मते तेच मोठे भाग्यही होते. शेकडो किलोमीटर दूरच्या विजेत्या संघाशी वर्षातून दोनदा गाठ पडते. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा विजेता संघ मात्र रोज डोळ्यांसमोर असतो. त्याचे खेळाडू शाळेतले सोबती असतात, तो कुठे कमी पडतो आणि कुठे भारी आहे हे बारकाईने ठाऊक असते, आणि त्याला हरवण्याची ईर्ष्या कधी थंडावत नाही. पुढे १९९६ साली ग्दिनियात आर्का हा तिसरा रग्बी क्लब उभा राहिला आणि ही चुरस तिहेरी झाली.

१९९३ साली अखेर लेहिया पुन्हा विजेता झाला, आणि मग १९९५ ते १९९८ अशी सलग चार वर्षे. सहा हंगामांत पाच विजेतेपदे! हा काळ पोलंडमधील क्लबांसाठी अत्यंत खडतर होता, हे इथे सांगितले पाहिजे. १९८९ नंतर अर्थव्यवस्था बदलली, सरकारी उद्योगांनी क्रीडाविभागांना पोसणे थांबवले, आणि देशभर कितीतरी विभाग एकामागून एक बंद पडले. अशा वेळी लेहियाची रग्बी शिखरावर पोहोचली, आणि याचे उत्तर मला त्या तेवीस वर्षांतच सापडते. १९९३चा संघ १९९३ साली तयार झालेला नव्हता. ऐंशीच्या दशकात, विजेतेपदाविना, जी मुले संध्याकाळी सरावाला येत राहिली, त्यांचा तो संघ होता.

त्या पिढीतील सर्वांत गाजलेले नाव ग्झेगोश कात्सावा यांचे. १९६६ साली ग्दान्स्कमध्ये जन्मलेल्या आणि लेहियाची जर्सी घातलेल्या या फॉरवर्डने फ्रान्सची वाट धरली आणि तो ब्रीव्ह या क्लबचा आधारस्तंभ झाला. २५ जानेवारी १९९७ रोजी वेल्समधील कार्डिफ आर्म्स पार्कवर हाइनेकेन चषकाचा अंतिम सामना झाला. युरोपातील क्लबांची ती सर्वोच्च स्पर्धा. ब्रीव्हने इंग्लंडच्या लेस्टर संघाला २८-९ असे धुऊन काढले, आणि विजेत्यांच्या फॉरवर्डांत ग्दान्स्कचा हा गडी होता. पुढे तो कार्डिफच्याच क्लबकडून खेळला. आजवर रग्बी विश्वचषकात एकदाही पोहोचू न शकलेल्या देशाचा खेळाडू युरोपच्या सर्वोत्तम क्लबात पहिल्या पंधरात खेळतो, याचे मोल ओळखायचे असेल तर त्या सामन्यातील लेस्टरच्या संघात इंग्लंडचे किती आंतरराष्ट्रीय खेळाडू होते ते पाहावे. १९९५ साली रग्बी व्यावसायिक झाल्यामुळे हे दार अधिक उघडले, आणि त्याच दारातून पोलंडचे चांगले खेळाडू बाहेरही जाऊ लागले. क्लबांना ही ओढ आजही जाणवते.

लेहियाच्या फुटबॉल संघाची त्याच वर्षांतली अवस्था शेजारी ठेवून पाहिली की रग्बीची कामगिरी आणखी उठून दिसते. १९९५ साली फुटबॉल विभाग पोझनानच्या ओलिम्पिया क्लबात विलीन करण्यात आला आणि ‘ओलिम्पिया-लेहिया’ असे जोडनाव धारण केलेला संघ वरच्या श्रेणीत एकच हंगाम टिकला. १९९८ साली पुन्हा एक विलीनीकरण झाले, या वेळी शहरातल्याच पोलोनिया क्लबाशी. तेही फसले, आणि २००१ साली लेहियाचा फुटबॉल संघ नव्याने उभा राहून सहाव्या श्रेणीपासून खेळू लागला. त्याच २००१ साली रग्बी संघ पोलंडचा विजेता होता आणि २००२ सालीही तोच विजेता ठरला. ज्या वर्षांत हजारो लोकांच्या लाडक्या फुटबॉल संघाचे नाव जोडनावांच्या गर्दीत हरवले होते, त्या वर्षांत राष्ट्रीय विजेत्यांच्या यादीत ‘लेहिया ग्दान्स्क’ हे नाव स्वच्छ अक्षरांत लिहिले जात होते, ते रग्बीमुळे. फुटबॉलच्या तुलनेत मूठभर प्रेक्षक असलेल्या खेळाने क्लबच्या नावाची ही केवढी सेवा केली! ग्दान्स्कमध्येही हे पुरेसे बोलले जात नाही असे मला वाटते.

२००४ आणि २००५ साली विजेतेपद ग्दिनियाच्या आर्काकडे गेले आणि त्यानंतर वूचच्या बुदोव्लानीने जोर धरला. लेहियाला पुन्हा एकदा दहा वर्षे वाट पाहावी लागली. मग २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन विजेतेपदे आली. त्यांच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०११ साली, आणि नंतरच्या वर्षी, म्हणजे २०१५ साली, विजेता होता आर्का. म्हणजे सलग पाच वर्षे पोलंडचे रग्बी विजेतेपद या तीन शहरांच्या हद्दीबाहेर गेले नाही. २०१२ सालच्या युरोपियन फुटबॉल स्पर्धेसाठी ग्दान्स्कमध्ये अँबर या पिवळसर जीवाश्म राळेच्या रंगाचे भव्य स्टेडियम उभे राहिले आणि जगाचे कॅमेरे तिकडे वळले. ग्रुनवाल्ड्स्कावरच्या रग्बी मैदानाकडे त्यांतले कितीसे फिरकले असतील! पण त्या वर्षी शहरात राष्ट्रीय विजेतेपद आले ते त्याच मैदानावर सराव करणाऱ्यांच्या हातून.

त्या मैदानाविषयी आणि हवामानाविषयी थोडे सांगायला हवे, कारण बाल्टिक किनाऱ्यावरची रग्बी ही हवामानाशीही खेळली जाते. पोलंडमधील हंगाम शरद ऋतूत सुरू होतो, कडाक्याच्या थंडीत थांबतो आणि वसंतात पुन्हा सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. मार्चमध्ये सामने पुन्हा सुरू होतात तेव्हा जमीन वरून चिखलाची आणि खालून कडक असते, आणि समुद्रावरून वारा येतच असतो. अशा वाऱ्यात लाइनआउट हा प्रकार किती अवघड होतो ते खेळाडूंनाच ठाऊक. चेंडू मैदानाबाहेर गेल्यावर बाजूच्या रेषेवरून हुकर तो सरळ दोन ओळींच्या मध्ये फेकतो, दोन सहकारी तिसऱ्याला मांड्यांना धरून वर उचलतात, आणि हवेत त्याच्या हातांनी चेंडू नेमका गाठायचा असतो. वारा आडवा असेल तर मागच्या टोकाकडे फेकलेला चेंडू हात-दीड हात सरकतो आणि समोरच्या ओळीच्या हाती जातो. म्हणून वाऱ्याच्या दिवशी शहाणा संघ जवळच्या, पुढच्या उडीवर भर देतो, किक कमी करतो आणि चेंडू फॉरवर्डांच्या हातांत ठेवून पावला-पावलाने जमीन जिंकतो.

गेल्या काही वर्षांत पोलिश रग्बीचा भूगोल बदलला आहे. वॉर्साजवळच्या सोहाचेवसारख्या लहान गावातील ओर्कान क्लब पुढे आला, सोपोतचे ओग्निव्हो पुन्हा विजेते झाले, आणि पुरुषांचा राष्ट्रीय संघ २०२३ साली युरोपच्या दुसऱ्या फळीतील स्पर्धेत पोहोचला. दोन हंगामांनंतर त्याला तिथून खाली यावे लागले आणि त्याची जागा स्वित्झर्लंडने घेतली. लेहियाच्या यादीत २०१४ नंतर नवा आकडा पडलेला नाही. यादी वाचणाऱ्याला हा पुन्हा एक मोकळा कालखंड वाटेल. मात्र या वेळी त्या मोकळ्या जागेत जे घडले ते यादीबाहेर मोजता येण्यासारखे आहे.

ग्दान्स्कमध्ये ‘ब्यावो-झ्येलोने लेडीज’ हा महिलांचा रग्बी सेव्हन्स संघ याच पांढऱ्या-हिरव्या रंगांतून उभा राहिला आणि त्याने पोलंडचे विजेतेपद पुन्हा पुन्हा जिंकले. सात खेळाडूंची रग्बी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये दाखल झाली, त्यामुळे महिलांच्या खेळाला क्रीडा मंत्रालयाचे लक्ष आणि निधी मिळण्याची वाट मोकळी झाली. पंधरा खेळाडूंच्या पुरुष रग्बीला ते भाग्य कधीच लाभले नव्हते. २०२२ साली पोलंडच्या महिला संघाने लिस्बन आणि क्राकोव येथील स्पर्धांनंतर युरोपचे विजेतेपद जिंकले, आणि त्याच वर्षी तो केपटाउनमध्ये सेव्हन्सचा विश्वचषक खेळला. २०२३ साली क्राकोवमधील युरोपियन क्रीडा स्पर्धेत अंतिम सामन्यात ब्रिटनकडून हार पत्करून त्याने रौप्यपदक मिळवले. या संघात ग्दान्स्कच्या क्लबातून आलेल्या खेळाडू होत्या. त्यांच्या कामगिरीची नोंद वेगळ्या नावाखाली होते, म्हणून पुरुषांच्या तेरा विजेतेपदांच्या रकान्यात ती दिसत नाही. परंतु १९५६ साली या शहरात सुरू झालेल्या रग्बीचा इतिहास कोणी सविस्तर लिहायला बसला, तर २०१४ नंतरच्या प्रकरणाची सुरुवात त्याला या मुलींपासूनच करावी लागेल.